पिंपात राहिलेली हाक

बाजारात लिलाव पुकारायचा तर गडी आवाजाचा हवा. अक्कल थोडी उणी असली तरी खपून जाते. भोंगा आवाजाचा होता. हे नाव बाजारानेच त्याला ठेवलं आणि ते असं चिकटलं की आईबापांनी ठेवलेलं नाव टपालवाल्यालाही आठवेना. सकाळी कांद्याच्या ढिगावर उभं राहून त्याने पहिली बोली पुकारली की पत्र्यावरची कबुतरं उडायची आणि पलीकडच्या गोदामाचा पहारेकरी डोळे चोळत उठून बसायचा. त्याच्या बायकोला सगळा बाजार वहिनी म्हणायचा. आपणही तेच म्हणू.

पुढे बाजारात भावाचे फलक आले, बोली बटणावर लागू लागली आणि भोंगा घरी बसला. नुसता बसला असता तर प्रश्न नव्हता. पण जित्याची खोड! आता पुकारायला कांदा नव्हता, बटाटा नव्हता, द्राक्षं नव्हती, फक्त वहिनी होत्या. ‘अगं एऽऽ, चष्मा कुठंय?’ ‘अगं एऽऽ, दार वाजलं वाटतं.’ ‘अगं एऽऽ... काही नाही, कुठे आहेस ते बघत होतो.’ वहिनी हातातलं टाकून ‘ओ, आले’ म्हणायच्या आणि खरंच यायच्या. ते ‘ओ, आले’ त्यांच्या जिभेवर इतकं बसलं होतं की एकदा झोपेतही त्या तसं म्हणाल्या, आणि भोंगा तेव्हा घोरत होता.

एक दिवस त्या म्हणाल्या, “मला कुठेतरी घेऊन चला. जिथे तुमचा चष्मा हरवणार नाही अशा ठिकाणी.” त्यांनी ठिकाणही शोधून ठेवलं होतं. टेकडीपलीकडे एका कुटुंबाची छोटी वाइनरी होती. दुपारी पाहुण्यांना सगळं फिरवून दाखवत आणि शेवटी चव देत. भोंगा म्हणाला, “जन्मभर द्राक्षं विकली, आता ती सडवून विकतात ते बघायला जायचं?” पण बायकोने आपल्याकडे शेवटचं काय मागितलं होतं ते त्याला आठवेना, तेव्हा त्याने मुकाट्याने गाडी काढली.

मालकीणबाई उंच आणि हडकुळ्या होत्या. बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, आणि बोटांत जांभळा रंग असा मुरलेला की साबणाने केव्हाच हात टेकले असावेत. तिसरे पाहुणे म्हणून एक दातांचे डॉक्टर होते, एकटेच आलेले. त्यांना जिथे तिथे दात दिसत. द्राक्षं चिरडायचं यंत्र पाहून ते म्हणाले, “अगदी दाढांसारखं आहे हो!” आंबट रसाने दातांचं कवच कसं झिजतं हे त्यांनी स्टीलच्या टाक्यांपाशी उभं राहून इतकं सविस्तर सांगितलं की वहिनींनी तोंड घट्ट मिटून घेतलं.

तळघराच्या दाराशी मालकीणबाई थांबल्या. भिंतीला एक जाड फळी ठोकलेली होती आणि शेजारच्या खिळ्याला हातोडी. त्यांनी फळीवर दोनदा ठोकलं. खालून दोन ठोके आले. थोड्या वेळाने त्यांचा नवरा रिकामी बादली घेऊन जिना चढून वर आला, पाहुण्यांकडे बघून हसला आणि निघून गेला.

“हाक मारली असती तर लवकर आले असते,” भोंगा म्हणाला. या विषयात त्याचा शब्द शेवटचा, असं त्याला वाटायचं.

“खाली हाक मारत नाही आम्ही,” मालकीणबाई म्हणाल्या. “तुम्हीही मारू नका. बोला, हसा, काय विचारायचं ते विचारा. पण उघड्या पिंपापाशी कुणाला हाक नको. आज पिंपं भरायचा दिवस आहे.”

“भरलेलीच असतात ना ती?” डॉक्टरांनी विचारलं.

“लाकूड थोडी वाइन पितं. थोडी उडून जाते. मग वर जागा रिकामी होते, आणि ती भरून काढावी लागते. रिकामी जागा वाईट, डॉक्टर. तिला काहीतरी हवंच असतं. हवा मिळाली तर हवा घेते, हाक मिळाली तर हाक.”

भोंग्याने वहिनींकडे बघून डोळा मारला. वहिनींनी त्याला कोपराने ढोसलं, गप्प बसा म्हणून.

तळघर लांबट होतं आणि छत हाताला लागेल इतकं खाली. दोन्ही बाजूंना आडवी पिंपं, प्रत्येकाच्या पोटावर वरच्या अंगाला एक भोक आणि त्यात बूच. ओल्या लाकडाचा वास होता. आवाज मात्र कसलाच नव्हता. आपण ज्याला घरातली शांतता म्हणतो तिच्यात पंखा असतो, नळ असतो, शेजाऱ्यांचं भांडण असतं. इथे त्यातलं काही नव्हतं. कुणीतरी श्वास रोखून ऐकत बसलंय असं भोंग्याला वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

रांगेच्या टोकाचं पिंप उघडं होतं. मालकीणबाईंनी भोकातून बॅटरीचा झोत टाकला. वाइन काठापासून चार बोटं खाली होती, काळी आणि अगदी स्थिर.

“हे शेवटी भरायचं,” त्या म्हणाल्या. “तुमची चव घेऊन झाली की भरून बूच ठोकते.”

डॉक्टरांना भिंतीवरच्या बुरशीबद्दल काही विचारायचं होतं, तेव्हा त्या त्यांच्याबरोबर पुढे गेल्या. भोंगा उघड्या पिंपावर हात टेकून उभा राहिला. आणि दिवे गेले.

दिवे काय, सगळीकडेच जातात. भोंग्याने हात शेजारी नेला, वहिनी उभ्या होत्या तिथे. हाताला लाकूड लागलं. दुसऱ्या बाजूला नेला, तिथेही लाकूड. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख, आणि त्या काळोखात त्याच्या मनात आलं की ती इथे नाहीच. पुढे गेलीय, वर गेलीय, असं नव्हे. नाहीच. आपण एकटेच आलो, घरीही एकटेच जाणार आहोत, आणि हे पुष्कळ दिवस असंच चाललंय. कुठून आला हा विचार कोण जाणे, पण त्याची पाचावर धारण बसली. छातीत होता नव्हता तेवढा आवाज गोळा करून तो ओरडला,

“अगं एऽऽऽ!”

कबुतरं उडवणारा आवाज तो. पण तो भिंतीवर आपटला नाही, छतावरून परत आला नाही. तोंडातून निघाल्याबरोबर कुणीतरी ओंजळीत झेलून घ्यावा तसा गेला. त्याच्या तळव्याखाली ओलं लाकूड एकदाच हललं, घोट गिळताना गळा हलतो तसं.

दिवे आले. वहिनी मागच्या रांगेत वाकून एका पिंपावरची खडूची खूण निरखत होत्या. मालकीणबाई मात्र झपाझप चालत आल्या.

“कुणी हाक मारली का?”

“छे,” भोंगा म्हणाला. म्हातारपणी अंधाराला भ्यालो हे चारचौघांत कबूल कोण करणार! मालकीणबाईंनी त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि मग सगळ्यांना वर नेलं.

चव द्यायची खोली उजेडाची होती. लांब टेबल, पांढरं कापड, पातळ काचेचे पेले. मालकीणबाईंनी पेला कसा फिरवायचा, वास कसा घ्यायचा ते दाखवलं. डॉक्टरांनी पहिला घोट घेऊन खळखळून चूळ भरली, सवयीने असेल. भोंग्याने घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

“अगं, काय कडू आहे गं हे!”

वहिनी पेल्यात नाक घालून बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“अगं, मी काय म्हणतोय?”

काहीच नाही. हिला चढली की काय एका वासाने, असं वाटून भोंग्याने आवाज चढवला. “अगं ए!” मग आणखी चढवला. शेवटच्या आरोळीला डॉक्टरांच्या हातातला पेला कापडावर लवंडला, कपाटातल्या बाटल्या एकमेकींवर किणकिणल्या, आणि बाहेर अंगणात कुत्रं भुंकायला लागलं. वहिनींनी डॉक्टरांच्या सांडलेल्या पेल्याकडे आश्चर्याने पाहिलं. कापड टिपायला हात पुढे केला. मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, “अहो, तोंड असं उघडबंद काय करताय? घसा बसला का?”

“अगं, बोलतोय की मी!” भोंगा म्हणाला.

“रुसलेत वाटतं,” वहिनी मालकीणबाईंना सांगायला लागल्या. “रुसले की हे असंच, तोंडाला कुलूप.” आणि हे सांगताना त्यांचं लक्ष त्याच्या ओठांकडे गेलं. ओठ सारखे हलत होते. गळ्याच्या शिरा तटतटल्या होत्या. कुत्रं भुंकलेलं त्यांना ऐकू येत होतं, डॉक्टर “अरे बापरे” म्हणाले ते ऐकू येत होतं. वहिनींचा चेहरा हळूहळू उतरला. “अहो,” त्या अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, “बोला की.”

मालकीणबाईंनी बाटली खाली ठेवली. “मी विचारलं तेव्हा खोटं का सांगितलंत?” त्या भोंग्याला म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

मग त्यांनी वहिनींना शेजारी बसवून सगळं सांगितलं. पिंप हाक ठेवून घेतं. ज्याची हाक गेली त्याचा आवाज बाकी जगाला ऐकू येतो, पण ज्याला हाक मारली त्याला नाही. “माझ्या सासूबाईंनी यांना जेवायला हाक मारली होती, तिथेच खाली. हाक पिंपात गेली म्हटलं तर हे हसले, आणि तेवढ्यात बूच बसून गेलं. सासूबाई मरेपर्यंत यांच्याशी बोलत राहिल्या आणि हे त्यांच्या ओठांकडे बघत राहिले. शेवटच्या दिवशी त्या काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं, यांना नाही. मी सांगितलं नंतर. पण माझ्या तोंडून ऐकणं वेगळं.”

डॉक्टर कानाच्या पडद्याबद्दल काहीतरी बोलू पाहत होते. त्यांनी ते आवरलं.

वहिनींनी आपला पेला दूर सारला. मग त्यांच्या ओठांच्या कडेला हसू आलं आणि त्या म्हणाल्या, “राहू दे की मग आठवडाभर. तेवढीच मला विश्रांती.”

गंमतच केली त्यांनी. पण भोंग्याच्या काळजात चर्र झालं. या आवाजाला बाजारात आता कुणी विचारत नव्हतं. एवढ्या मोठ्या जगात तो ऐकून उठून येणारं एकच माणूस उरलं होतं, आणि ते माणूस हसून म्हणत होतं, राहू दे. त्याने मान खाली घातली. वहिनींनी ते पाहिलं आणि त्यांचं हसू गेलं. त्यांनी त्याचा दंड धरला. “चला हो. आणू परत. असं काय करता लहान मुलासारखं?”

“बूच बसलेलं नाही अजून, म्हणून जमेल,” जिना उतरताना मालकीणबाई वहिनींना सांगत होत्या. “त्या पिंपातला एक घोट तुम्ही प्यायचा, तिथेच उभं राहून. घोट गळ्याखाली उतरला की आवाज सुटतो. फक्त एक. तुम्ही वाकलात की आतून हाक ऐकू येईल. ओ द्यायची नाही. कितीही वाटलं तरी नाही. हाकेला ओ मिळाली की ती परत फिरत नाही, तिचं काम झालं.”

“नाही देणार,” वहिनी म्हणाल्या. “रोज शंभरदा देते, एकदा नाही दिली तर मरत नाही.”

डॉक्टर जिन्यावरच थांबले. पिंप होतं तसंच होतं, पण आतली वाइन आता काठापासून दोनच बोटं खाली होती. कुणी त्यात थेंबही ओतला नव्हता. मालकीणबाईंनी काचेची लांब नळी आत सोडली, वरच्या तोंडावर अंगठा दाबून ती बाहेर काढली आणि पेल्यात घोटभर वाइन सोडली. पेला वहिनींच्या हातात दिला. “इथे या. भोकाजवळच प्यायचं.”

वहिनी वाकल्या. पेला ओठांपाशी नेला. आणि थांबल्या.

भोंग्याला काही ऐकू येत नव्हतं. त्याला फक्त त्यांचा चेहरा दिसत होता. लग्न झालं तेव्हापासून तो चेहरा तो बघत आला होता, म्हणजे बघत आला होता असं त्याला वाटत होतं. हा चेहरा त्याने पाहिला नव्हता. भुवया वर गेल्या, कपाळावरच्या आठ्या पुसल्यासारख्या झाल्या, डोळ्यांत पाणी आलं. दूर कुठेतरी आपल्याला कुणी शोधतंय आणि ते नेमकं कोण हे ठाऊक असलेली बाई दिसते तशा त्या दिसत होत्या.

“पी!” भोंगा ओरडला. “अगं, पी ना!” ते मालकीणबाईंना ऐकू आलं, डॉक्टरांना ऐकू आलं.

वहिनींनी पेला बाजूला धरला, पिंपावर आणखी वाकल्या आणि त्या भोकात, कुणी खोल विहिरीत पडलेल्याला धीर द्यावा इतक्या मायेने म्हणाल्या,

“ओ. आले हं, आले.”

तेवढं भोंग्याने ऐकलं. ‘आले’चा शेवट ऐकला की नाही हे त्याला पुढे कधीच नक्की सांगता आलं नाही.

हाकेसारखीच ती ओही पिंपाने ठेवून घेतली आणि वाइन वर चढली. आवाज न करता, सावकाश, काठाला येऊन टेकली. मालकीणबाईंनी डोळे मिटून घेतले. मग त्यांनी खिशातून बूच काढलं आणि बसवलं. भरायला काही उरलंच नव्हतं.

वहिनी वळल्या. त्यांचे ओठ हलले. भोंगा म्हणाला, “काय?” त्या त्याच्या ओठांकडे बघत राहिल्या, तो त्यांच्या. वहिनींच्या हातातला पेला तसाच होता. त्यांनी तो घाईघाईने तोंडाला लावला, रिकामा केला, आणि आशेने त्याच्याकडे पाहिलं. मालकीणबाईंनी नुसती मान हलवली.

चिठ्ठी लिहिता येते, फोनवर अक्षरं पाठवता येतात. हे त्या दोघांनाही सुचलं असेलच, दोघंही काही बावळट नव्हते. पण तेव्हा कुणाचा हात खिशाकडे गेला नाही.

डॉक्टरांची टॅक्सी टेकडीवर यायला तयार नव्हती, म्हणून ते भोंग्याच्या गाडीत मागे बसले. बराच रस्ता कुणी बोललं नाही. म्हणजे बोललं असेल, भोंग्याला काय कळणार? एकदा आरशात त्याला दिसलं, की डॉक्टर पुढे झुकून वहिनींचं काहीतरी ऐकतायत.

“त्या विचारतायत,” डॉक्टर खाकरून म्हणाले, “खाली तुम्ही एवढे घाबरला का होतात?”

“सांगा तिला, ती हाताला लागली नाही म्हणून.”

“ऐकलं ना वहिनी... हो, हो, विसरलोच. ते म्हणतात, तुम्ही हाताला लागला नाहीत म्हणून.”

मग वहिनी पुष्कळ बोलल्या. भोंग्याने रस्त्यावरची नजर हलवली नाही, पण डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याला त्यांचे हात दिसत होते, बोलताना मांडीवरून उठणारे आणि पुन्हा टेकणारे. डॉक्टर लाल झाले होते. परक्यांच्या घरातलं असं काही आपल्या तोंडून जाईल असं त्यांना सकाळी कुणी सांगितलं असतं तर ते दवाखान्यातच बसले असते.

“त्या म्हणतात,” ते म्हणाले, “एवढ्या वर्षांत तुम्ही चष्म्यासाठी हाक मारलीत, दारासाठी मारलीत. ही एकच हाक नुसती त्यांच्यासाठी होती. तिला ओ न देणं त्यांना जमलं नाही. रागावू नका म्हणतात.”

भोंग्याने गाडी बाजूला घेतली, कारण समोरचं दिसेनासं झालं होतं. नाक पुसून पुन्हा चालवायला घेतली.

“इथे डावीकडे,” थोड्या वेळाने डॉक्टर म्हणाले. “माझं घर आलं.”

ते उतरले. पुढचं त्यांनीच नंतर लोकांना सांगितलेलं आहे. ते फुटपाथवर उभे होते. निरोप कसा घ्यावा ते त्यांना सुचत नव्हतं. बाहेर वारा सुटला होता. गाडीची काच उघडी होती आणि आत दोघंही सरळ समोर बघत बोलत होते.

“गार लागतंय ना गं तुला? काच लावू?” भोंगा विचारत होता.

“काच लावा हो, गार लागतंय,” वहिनी सांगत होत्या.

डॉक्टर पुढे झाले. दोघांनाही सांगायला हवं होतं. पण तेवढ्यात भोंग्याने आपल्याआपणच बटण दाबलं, काच वर गेली, आणि मग बाहेर काही ऐकू आलं नाही.